रिकाम्या जागा भरा

सी शिकलेल्या प्रत्येकाला एकदा तरी विचारला गेलेला प्रश्न: एका स्ट्रक्चरमध्ये एक कॅर आहे आणि त्याखाली एक इंट. साइझऑफ किती?

कॉलेजच्या लॅबमध्ये, टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यावर, उत्तर यायचं ३. कॅरचा १, इंटचे २, बेरीज ३. पोरं खूश, सर खूश. मग नोकरी लागते, समोर लिनक्स येतं आणि तोच प्रोग्रॅम जीसीसीने कंपाइल केला की उत्तर येतं ८. आता इंट ४ बाइट्सचा झालाय हे मान्य, पण १ अधिक ४ बरोबर ८ हे कुठलं गणित? "पॅडिंग असतं रे" एवढं सांगून सीनियर आपल्या कामाला लागतो. इंटरव्ह्यूच्या तयारीची पुस्तकंही बहुतेक तिथेच थांबतात. नियम पाठ करा, उत्तर द्या, पुढचा प्रश्न घ्या.

मला मात्र या ३ जादा बाइट्सनी बरेच शनिवार-रविवार कामाला लावलं. कारण खणत गेलं की कळतं, त्या ३ बाइट्सखाली साठ वर्षांचा इतिहास पुरलेला आहे. आयबीएमची एक प्रचंड मोठी पैज, युनिक्स लिहिण्याचा एक सोडून दिलेला प्रयत्न, पेटंटवरून झालेली कोर्टबाजी, सगळं काही. आणि शेवटी हेही कळतं की ती जागा रिकामी नसतेच. पण क्रमाने जाऊ.

आधी थोडं शास्त्र. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा.) प्रोसेसरला मेमरीतून सुटासुटा बाइट मिळत नाही, अख्खा खण ओढून मिळतो. समजा एका खणात ४ बाइट्स बसतात. इंट ४ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवला तर तो बरोबर एका खणात मावतो, एका फेरीत हातात येतो. तोच पत्ता १ वर ठेवला तर त्याचे ३ बाइट्स एका खणात आणि चौथा शेजारच्या खणात. मग दोन खण उघडा, तुकडे काढा, सरकवा, जोडा. हे टाळायला कंपायलर कॅरनंतर ३ बाइट्स सोडून देतो आणि इंट पत्ता ४ वर ठेवतो. शिवाय स्ट्रक्चरच्या शेवटीही गरजेप्रमाणे जागा सोडतो, म्हणजे अशा स्ट्रक्चर्सची रांग लावली तरी प्रत्येकातला इंट जागच्या जागी बसतो. म्हणूनच कॅर, इंट, कॅर असा क्रम लावला तर १२ बाइट्स लागतात आणि इंट, कॅर, कॅर असा लावला तर ८. माल तोच, फक्त रचना वेगळी. दहा लाख रेकॉर्ड्स असतील तर ४० लाख बाइट्सचा फरक!

* * *

आता इतिहास. गंमत म्हणजे जुन्या यंत्रांना हा प्रश्नच नव्हता. आयबीएम ७०९० सारख्या वैज्ञानिक कामाच्या यंत्रात पत्ता असायचा तो ३६ बिटांच्या अख्ख्या वर्डला. वर्डच्या मधल्या एखाद्या अक्षराला स्वतःचा पत्ताच नाही, तर आकडा "मध्येच" सुरू होणार कुठून? दुसऱ्या बाजूला आयबीएम १४०१ सारखी हिशेबाची यंत्रं होती, तिथे प्रत्येक अक्षराला पत्ता. दोन वेगळी जगं, दोन वेगळे गिऱ्हाईक वर्ग.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि ही दोन्ही जगं एकत्र आणली. जीन अ‍ॅमडाल, फ्रेड ब्रूक्स आणि गेरिट ब्लाऊ या मंडळींचं हे काम. ८ बिटांचा बाइट, प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता, आणि तरीही ३२ बिटांचे वर्ड. आज आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की वेगळं काही असू शकतं हेच सुचत नाही. पण त्याच दिवशी एक नवा प्रश्न जन्माला आला: ४ बाइट्सचा आकडा कुठल्याही बाइटपासून सुरू झाला तर?

आयबीएमचं उत्तर सरळ होतं. चालणार नाही. हाफवर्ड २ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर, वर्ड ४ने, डबलवर्ड ८ने. नियम मोडला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे अडवला जाई. आता यातली खरी मेख बघा. या कुटुंबातलं मॉडेल ३० हे धाकटं भावंड मेमरीतून एका वेळी १च बाइट वाचायचं. त्याला आकडा कुठे सुरू होतो याने काही फरक पडायचं कारण नव्हतं. नंतर आलेलं मॉडेल ६५ एका वेळी ८ बाइट्स वाचायचं, त्याला पडत होता. पण सिस्टिम/३६० ची सगळी पैजच अशी होती की एकदा लिहिलेला प्रोग्रॅम लहान-मोठ्या सगळ्या मॉडेल्सवर न बदलता चालला पाहिजे. म्हणून थोरल्याच्या सोयीचा नियम धाकट्यालाही लागू झाला. (एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको :-) )

म्हणजे अलाइनमेंट हा पहिल्यापासून निव्वळ हार्डवेअरचा प्रश्न नाहीच. तो करार आहे. आज लिहिलेलं उद्याच्या यंत्रावर चालावं म्हणून केलेला करार.

आणि त्याची किंमत कोणी मोजायची? अर्थातच कंपायलरने आणि प्रोग्रॅमरने. कोबॉलमध्ये 'सिंक्रोनाइझ्ड' असं लिहिलं की कंपायलर आकड्याच्या आधी लागतील तेवढे बाइट्स सोडायचा. आयबीएमच्या कोबॉल पुस्तिकांत त्यांना नाव आहे 'स्लॅक बाइट्स', म्हणजे सैल सोडलेले बाइट्स. पीएल/वन भाषेत 'अलाइन्ड' आणि 'अनअलाइन्ड' असे शब्दच होते. म्हणजे पॅडिंग हे सीचं अपत्य नाही, ते सीपेक्षा वयाने मोठं आहे.

पुढे १९७० मध्ये सिस्टिम/३७० आली आणि डेटासाठी हा नियम बऱ्याच अंशी सैल केला गेला. पण टेपवर एकदा लिहिलेल्या रेकॉर्डचा आराखडा हार्डवेअरचा नियम सैल झाला म्हणून बदलत नाही. कारण गेलं तरी त्याचा परिणाम जागेवर राहतो. या गोष्टीत पुढे हेच पुन्हा पुन्हा होणार आहे.

* * *

आता बेल लॅब्ज. केन थॉम्पसनची 'बी' भाषा पीडीपी-७ या यंत्रावर वाढली. तिथे पत्ते वर्डला, भाषेत एकच प्रकार, तो म्हणजे वर्ड. मग आलं पीडीपी-११, बाइटला पत्ता असलेलं, १६ बिटांचं. वर्ड विषम पत्त्यावरून मागितला की हे यंत्र सरळ ट्रॅप मारायचं. 'बी'ला हे झेपेना आणि डेनिस रिची तिच्यात प्रकार घालत घालत 'सी'पर्यंत पोचला.

याच काळातली एक घटना मला फार आवडते. रिचीने १९९३ मध्ये सीच्या जन्मकथेवर लिहिलेल्या निबंधात ती आहे. १९७२ मध्ये थॉम्पसनने युनिक्सचं कर्नल तेव्हाच्या सीमध्ये लिहून पाहिलं आणि सोडून दिलं. तेव्हा सीमध्ये स्ट्रक्चर्स नव्हती. स्ट्रक्चर्स आली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नल सीमध्ये लिहून झालं. स्ट्रक्चर ही सोयीसाठी घातलेली सजावट नव्हती तर!

का लागली स्ट्रक्चर्स? कारण कर्नलला अशा गोष्टींशी बोलायचं असतं ज्यांची रचना आधीच ठरलेली आहे. जुन्या युनिक्समधली डिरेक्टरीतली नोंद घ्या: २ बाइट्स आयनोडचा क्रमांक, १४ बाइट्स फाइलचं नाव, एकूण १६. डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइट्सचा, त्यात बरोबर ३२ नोंदी, एकही बाइट वाया नाही. (फाइलचं नाव १४ अक्षरांपेक्षा मोठं का नसायचं, ते कळलं ना?) किंवा पीडीपी-११ चा कन्सोल घ्या. त्याची ४ रजिस्टर्स मेमरीतच ठराविक पत्त्यांवर ओळीने बसलेली. त्यांच्यावर स्ट्रक्चर पांघरायचं आणि बोलायचं. त्या काळच्या कंपायलरला स्ट्रक्चरमधल्या सदस्याचं नाव म्हणजे जवळपास फक्त "सुरुवातीपासून इतके बाइट्स पुढे" एवढंच होतं. कुठल्याही पत्त्याला कुठल्याही स्ट्रक्चरमधलं नाव लावा, तो काही म्हणायचा नाही.

आता अशा भाषेत कंपायलरने हुशारी करून सदस्यांची अदलाबदल केली तर? कन्सोलला पाठवलेलं अक्षर भलत्याच रजिस्टरमध्ये जाईल. म्हणून सीमध्ये क्रम प्रोग्रॅमरचा, आणि १९८९ च्या मानकानेही ते पक्कं केलं: सदस्य ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने मेमरीत. पहिल्या सदस्याच्या आधी जागा सोडायची नाही, बाकी मध्ये आणि शेवटी मात्र सोडता येते. कॅर, इंट, कॅरचे १२ बाइट्स कंपायलर ८ वर का आणत नाही याचं उत्तर इथे आहे. त्याला कळत असतं, पण परवानगी नसते.

* * *

१९७७ मध्ये व्हॅक्स आलं. हे यंत्र दिलदार होतं, आकडा कुठूनही मागा, थोडा वेळ घेईल पण देईल. प्रोग्रॅमर लोकांना सवय लागली. कॅरचा पॉइंटर घे, इंटचा म्हणून वापर, चालतंय की! मग ऐंशीच्या दशकात हाच कोड दुसऱ्या यंत्रांवर नेताना पंचाईत सुरू झाली. मोटोरोला ६८००० विषम पत्त्यावर वर्ड मागितला की अडवायचा. सनच्या स्पार्कवर 'बस एरर' येऊन प्रोग्रॅम मरायचा. डेकच्या अल्फाची (१९९२) तर तऱ्हाच निराळी, सुरुवातीच्या अल्फामध्ये एकच बाइट वाचण्या-लिहिण्याची इन्स्ट्रक्शनसुद्धा नव्हती. ती १९९६ मध्ये आली. आणि जुने एआरएम सगळ्यात बेरकी. ते मरायचे नाहीत, तक्रारही करायचे नाहीत. खणातले बाइट्स गोल फिरवून एक भलताच आकडा हातात ठेवायचे. कोसळणारा प्रोग्रॅम परवडला, पण शांतपणे चुकीचं उत्तर देणारा नको, हे ज्याने असा बग शोधलाय तोच जाणे.

मिप्सने मधला मार्ग काढला. दोन खणांत विभागलेल्या आकड्याचा डावा तुकडा एका इन्स्ट्रक्शनने आणा, उजवा दुसरीने. छान कल्पना. इतकी छान की त्यांनी तिचं पेटंट घेतलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लेक्स्रा नावाच्या छोट्या कंपनीने मिप्ससारखे प्रोसेसर बनवले आणि पेटंटची भानगड नको म्हणून या इन्स्ट्रक्शन्स मुद्दाम वगळल्या. तरीही १९९९ मध्ये मिप्स कोर्टात गेली. वादाचा मुद्दा बघा: तुमच्या प्रोसेसरमध्ये ती इन्स्ट्रक्शन नाही हे खरं, पण ती समोर आली की ट्रॅप होऊन सॉफ्टवेअर तेच काम करू शकतं, म्हणजे पेटंटचा भंग झालाच. २००१ मध्ये तडजोड झाली आणि लेक्स्राला तो धंदा सोडावा लागला. पेटंट संपलं २००६ मध्ये. आकडा चुकीच्या पत्त्यावरून वाचण्याच्या हक्कावरून एक कंपनी धंद्यातून उठली!

* * *

मग आपलं पीसीचं जग? इंटेलचा ८०८६ (१९७८) विषम पत्त्यावरचा वर्ड द्यायचा, फक्त दोन फेऱ्या मारून. आणि १९८१ च्या आयबीएम पीसीत होता त्याचा स्वस्त भाऊ ८०८८, ज्याचा मेमरीकडे जाणारा रस्ताच १ बाइट रुंदीचा. त्याला सगळे पत्ते सारखे. बोरलँडचं टर्बो सी याच जगातलं, त्यात पॅडिंग मुळात बंद असायचं. लॅबमधल्या त्या ३ चं रहस्य हे. आपल्या पोरांनी पुढे कित्येक वर्षं, पेन्टियमवर बसूनसुद्धा, ८०८८ च्या काळातलं उत्तर पाठ केलं.

या जगातल्या खुणा अजून आहेत. बीएमपी चित्राची फाइल उघडा. तिचं पहिलं हेडर १४ बाइट्सचं: आधी 'बी' आणि 'एम' ही २ अक्षरं, लगेच ४ बाइट्समध्ये फाइलची लांबी. म्हणजे ४ बाइट्सचा आकडा पत्ता २ वर. आजच्या कंपायलरला जास्त काही न सांगता हे स्ट्रक्चर लिहिलं तर त्याचे १६ बाइट्स होतात आणि चित्र वाचताना सगळं दोन घरं सरकतं. इथरनेटचं हेडरही १४ बाइट्सचं, त्यामुळे त्यामागून येणारं आयपीचं हेडर ४ च्या पाढ्यातून निसटतं. लिनक्सने यावर केलेला उपाय अगदी घरगुती आहे: बफरच्या सुरुवातीला २ बाइट्स मोकळे सोडायचे, की १४ आणि २ मिळून १६.

आणि एकाच प्रोसेसरवरही एकमत नाही. ३२ बिटांच्या इंटेलवर इंट आणि डबल असं स्ट्रक्चर लिनक्समध्ये १२ बाइट्सचं आणि विंडोजमध्ये १६ चं. प्रोसेसर दोन्ही चालवतो, त्याला काही पडलेलं नाही. हा फक्त कोणी कधी कुठला करार लिहिला त्याचा फरक. या कराराला म्हणतात एबीआय. तो एकदा झाला की मोडता येत नाही, कारण त्याच्या भरवशावर कंपाइल झालेल्या लायब्ररी जगभर पसरलेल्या असतात. आजचे इंटेल आणि एआरएम साधा आकडा कुठूनही वाचतात, बहुतेक वेळा फरकही जाणवत नाही. पण पॅडिंग गेलं नाही, जाणारही नाही.

* * *

इथपर्यंत ही गोष्ट वाया गेलेल्या जागेची होती. पण त्या जागेत असतं काय?

सीचं मानक म्हणतं, काहीही. म्हणजे शून्य नव्हे, तर तिथे आधी जे होतं ते. कर्नलने आपल्या स्टॅकवर एक स्ट्रक्चर बनवलं, प्रत्येक सदस्य नीट भरला आणि अख्खं स्ट्रक्चर उचलून तुमच्या प्रोग्रॅमला दिलं, तर मधली भोकंही सोबत येतात. त्यांत आधीच्या कामाचे उरलेसुरले तुकडे असू शकतात. एखादा कर्नलमधला पत्ता, कधी त्याहून नाजूक काही. प्रोग्रॅमरने कोडमध्ये एकही ओळ चुकवलेली नसते. तो बाइट त्याच्या कोडमध्ये कुठे लिहिलेलाच नसतो!

पॅडिंगमधून गुपितं फुटतात हे जगाला पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते नेटवर्कवर. जानेवारी २००३ मध्ये ऑफिर आर्किन आणि जोश अँडरसन यांनी 'इथरलीक' उघडकीला आणलं. इथरनेटची फ्रेम निदान ६० बाइट्सची तरी लागते (शेवटचे तपासणीचे ४ सोडून). डेटा कमी असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरा असं नियम सांगतो. बऱ्याच ड्रायव्हर्सनी ती भरलीच नव्हती. एक छोटासा पिंग पाठवायचा आणि उत्तराच्या शेपटीत समोरच्या यंत्राच्या मेमरीतले तुकडे वाचत बसायचं. ही स्ट्रक्चरमधली भोकं नव्हेत, पण जात तीच.

पुढे गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या माटेउश युर्चिकने अख्खं विंडोज एका एम्युलेटरमध्ये चालवून, न भरलेला प्रत्येक बाइट कुठे जातो याचा माग काढला. २०१७-१८ मध्ये त्याने जाहीर केलेल्या कामात विंडोजच्या कर्नलमधल्या अशा ७० पेक्षा जास्त गळत्या होत्या, आणि त्यामागच्या मुख्य कारणांत स्ट्रक्चरमधलं पॅडिंग होतं. विंडोजमध्ये लाखो ओळी वाचणारे हुशार लोक कमी नव्हते. पण जे लिहिलेलंच नाही ते वाचून कसं सापडणार?

उपाय आता कंपायलरमध्येच आला आहे. क्लँगमध्ये आणि २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये असा पर्याय आहे की स्टॅकवरचं प्रत्येक न भरलेलं व्हेरिएबल, भोकांसकट, शून्याने भरून टाकायचं. लिनक्सचं कर्नलही त्याचा वापर करतं. म्हणजे हिशेब बघा: १९६४ मध्ये वेळ वाचवायला जागा सोडली. आता ती सोडलेली जागा पुसायला वेळ खर्च करतोय. शाळेत मराठीच्या पेपरात असायचं तेच, रिकाम्या जागा भरा!

भोकं बघायची असतील तर 'पाहोल' नावाचं साधन आहे, ब्राझीलच्या आर्नाल्दो कार्व्हाल्यो द मेलोने २००७ च्या सुमारास लिनक्स मंडळींसाठी बनवलेलं. कुठल्या स्ट्रक्चरमध्ये कुठे किती बाइट्स मोकळे आहेत ते ओळीवार दाखवतं. आपल्या कोडवर एकदा चालवून बघाच. रस्ट भाषेने २०१७ पासून वेगळी वाट धरली: क्रम कंपायलर ठरवेल, आणि तुम्हाला सीसारखाच क्रम हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा. १९७३ चा करार ज्याला हवा त्याने मागून घ्यावा, इतरांवर लादायला नको. मला हे पटतं.

साइझऑफचं उत्तर ८ का, याचं परीक्षेतलं उत्तर "अलाइनमेंटमुळे" हेच आहे आणि ते बरोबरही आहे. पण कोणी ज्युनियर येऊन विचारेल तेव्हा "पॅडिंग असतं रे" वर थांबू नका. त्याला सांगा की ते ३ बाइट्स तुझे नाहीत, पण जबाबदारी तुझी आहे. स्ट्रक्चर फाइलमध्ये लिहिताना, नेटवर्कवर पाठवताना, दुसऱ्याच्या हातात देताना त्या ३ बाइट्समध्ये काय चाललंय ते बघ.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं बघू :-)